रिकामी परत आलेली शिशी

आमच्या भागात दवाखान्यात जायचं तर शिशी घरून न्यावी लागे. सरकार औषध फुकट देई, पण ते न्यायला भांडं देत नसे. त्यामुळे बाजाराच्या दिवशी एखादी बाई डोक्यावर टोपली आणि हातात शिशी घेऊन अर्जुनीच्या वाटेला लागली, की तिच्या घरी दुखणं आहे हे वाटेतल्या सगळ्या गावांना कळे. परतताना लोक आधी शिशीकडे पाहत आणि मग बाईकडे. लाल औषध असलं तर खोकला, पांढरं असलं तर पोट. शिशी रिकामीच परत आली तर मात्र कुणी काही विचारत नसे. डॉक्टरनं हात टेकले, असा त्याचा अर्थ होता.

माझ्या बायकोची शिशी अशी रिकामी परत आली होती. ती परत पाठवणारे डॉक्टर लांजेवार मला रोज आठवतात असं म्हणणं खोटं होईल. पण रोवणा सुरू झाला, बाया चिखलात वाकून भाताची रोपं लावू लागल्या, की आठवतात.

डॉक्टर उंच होते आणि वाकून चालत. अर्जुनीच्या दवाखान्यात खुर्ची एकच होती. तिच्यावर ते रोग्याला बसवत आणि स्वतः औषधांचं खोकं उलटं घालून त्यावर बसत. आमच्या लोकांना खुर्चीची सवय नाही. ते तिच्या काठावर उकिडवे बसत. डॉक्टर म्हणत, "नीट बस गा. खुर्ची चावत नाई." त्यांचं कुटुंब मुलांच्या शाळेपायी भंडाऱ्याला असे. इथे ते आणि त्यांचा कंपाउंडर मोतीराम, एवढाच संसार.

वरून येणारी बुचं सगळी एका मापाची, आणि लोकांनी आणलेल्या शिश्या मात्र नाना तऱ्हेच्या. कोणाची दारूची, कोणाची तेलाची. म्हणून डॉक्टर चाकूने बूच तासत बसत आणि तासता तासता रोग्याचं ऐकत. मान वर करत नसत. "बूच बसेपर्यंत बोल," म्हणत. नवख्याला वाटे, हा माणूस सुतारकामात दंग आहे, आपलं ऐकतो कुठे. पण बूच बसलं की डॉक्टर असा एक प्रश्न विचारत की रोग्याला आपण काय काय लपवलं ते आठवे. बोडदे गावचा एक म्हातारा तर मुद्दाम अत्तराची इवलीशी शिशी घेऊन येई. तिचं तोंड बारीक, बूच तासायला वेळ फार, आणि तेवढा वेळ त्याची सुनांविषयीची गाऱ्हाणी ऐकणारा हक्काचा माणूस मिळे. औषध त्यात चार थेंब मावत.

डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न एकच. "पाह्यलं कोनं?" बाप रात्री बरळतो, मूल माती खातं, म्हैस दूध चोरते, कोणी काहीही सांगो, डॉक्टर विचारत, "पाह्यलं कोनं?" पाहणाऱ्याला आणल्याशिवाय पुढे सरकत नसत. एकदा एका मालगुजाराने गड्याच्या हाती शिशी पाठवून चक्करेचं औषध मागवलं. डॉक्टरांनी गड्याला तीच शिशी परत देऊन सांगितलं, "चक्कर तुले येते का? मंग ज्याले येते त्याले धाड." मालगुजार दुसऱ्या दिवशी फणफणत आला आणि खुर्चीच्या काठावर बसला.

मी तेव्हा अर्जुनीपासून दोन कोसांवरच्या माझ्याच गावात मास्तर होतो. घरची थोडी धानाची शेती होती. घरात माझी माय, बायको सगुणा आणि आठ महिन्यांची यमुना. त्या वर्षी ऐन रोवण्यात शाळा तपासायला साहेब आले. दुपारचं जेवण माझ्याकडे. आमच्या घरच्या चिन्नोर तांदळाचा वास घराबाहेर येत होता. साहेब खूश झाले, आणि मी साहेबांहून खूश झालो. "घ्या साहेब, संकोच करू नका," असं म्हणत तीनदा भात वाढायला लावला. त्यांना साथ म्हणून मीही दोनदा घेतला. मग साहेब माझ्या बाजेवर आडवे झाले आणि मी हजेरीपट सरळ करत बसलो. सगुणा यमुनेला मायजवळ ठेवून घरामागच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बायांबरोबर रोवायला गेली.

तासाभराने आरडाओरडा ऐकू आला. मी धावलो तेव्हा बायांनी सगुणेला पाण्यातून ओढून बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर निजवलं होतं. तोंडाला फेस होता. डोळे उघडे होते आणि ती मला पाहत नव्हती. कोणीतरी ओरडलं, "जोडा आना, जोडा." मिरगी, म्हणजे फेफरं, आलेल्याला चामड्याचा जोडा हुंगवला की शुद्ध येते, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. पण चिखलात रोवणाऱ्यांपैकी कोणाच्या पायात काय असणार? एक बाई माझ्या घराकडे पळाली आणि दारात होतं ते एकमेव चामडं घेऊन आली. तो साहेबांचा उजवा बूट होता.

सगुणा तिच्या वेळेला शुद्धीवर आली, पण श्रेय बुटाला मिळालं. साहेब जागे झाले ते डावा बूट हातात घेऊन अंगणात उभे. शेऱ्यात त्यांनी बुटाचा उल्लेख केला नाही, हे त्यांचे उपकार.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मास्तराच्या बायकोला मिरगी आहे. हा शब्द एकदा चिकटला की माणसाआधी तो चालत येतो. मिरगीवालीच्या हाती विहिरीवर कोणी दोर देत नाही. पुष्कळ जणी माहेरी धाडल्या जातात, आणि पुढे त्यांच्या मुलींच्या सोयरिकीतही ते निघतं. माझी माय जिभेची तिखट, पण तिने सुनेला माहेरी धाडायचं नाव काढलं नाही. तिने शिशी घासली आणि सकाळी दमणी जुंपायला लावली.

डॉक्टरांपुढे मी सगळं सविस्तर सांगितलं. मास्तर असल्यामुळे थोडं जास्तच सविस्तर. डॉक्टर बूच तासत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमी त मागून आले. पाह्यलं कोनं?"

म्हणजे दुसऱ्या दिवशी रोवण्यातल्या चार बाया घेऊन पुन्हा खेप. ऐन हंगामात चौघींचा दिवस मोडला म्हणून माय वाटभर पुटपुटत होती. दवाखान्याच्या ओसरीत डॉक्टरांनी चौघींना सांगितलं, "बोलू नका. कशी पडली ते करून दाखवा." आधी त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग अशा काही पडू लागल्या की विचारू नका. एक डावीकडे पडली, एक उताणी पडली. सगळ्यांत थोराड कौसल्याबाई एवढ्या जोराने आपटल्या की मोतीराम पाण्याचा तांब्या घेऊन धावला. "अशी नाई व, हात आधी आखडले," "तू त पाठमोरी होतीस, तुले काय दिसलं," असं भांडण जुंपलं. रोगी खुर्चीवर बसून स्वतःचा झटका चार वेळा पाहत होती, आणि चौथ्या वेळी तिलाही हसू आलं. दोन दिवसांनी तिचं हसणं ऐकून मला किती हायसं वाटलं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

डॉक्टर मधून मधून विचारत होते, डोळे कोणीकडे होते, आधी काही बोलली का. कौसल्याबाई अंगावरची धूळ झटकत म्हणाल्या, "पडाच्या आधी लय वेळची झुलत होती ना. ओळ वाकडी लावून राहिली होती. मले गरगरून राहिलं म्हने. पाय लटलट कापत होते. मंग धुऱ्यावर ओकली, आन् मंग पडली."

डॉक्टरांचा चाकू थांबला. "जेवली काय होती?"

"आम्ही जेवलो तेच," मी म्हणालो. "भात, वरण, वांग्याची भाजी."

"तुमी पाह्यलं?"

मी पाहिलं नव्हतं. चार वर्षांच्या संसारात एकदाही पाहिलं नव्हतं. माझी बायको सगळ्यांच्या मागून, चुलीच्या कोपऱ्यात, काय जेवते हे मला ठाऊक नव्हतं. सगुणा मान खाली घालून बसली होती. शेवटी मायच बोलली. "भात सरला होता, साहेब. गाडग्याच्या बुडाशी कोदो होता मागच्या सालचा, तो रांधून खाल्ला तिनं. छप्पर गळलं होतं, ओला झाला होता. माजला असंन जरासा. मले वाटलं, ताकात धुतला का जाते."

कोदो म्हणजे हरकासारखं भरड धान्य. ओला झालेला कोदो माजतो आणि खाणाऱ्याला दारू प्यायल्यासारखं गरगरतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. पण धान्य फेकायचं नाही, हेही सगळ्यांना माहीत. अशा वेळी दोन्हीच्या मधली वाट म्हणून ते घरातल्या सगळ्यात मागून जेवणाऱ्याच्या ताटात जातं. साहेबांना मी तिसऱ्यांदा वाढायला लावलेला भात मला आठवला आणि माझी मान वर होईना.

डॉक्टरांनी उरलेला कोदो मागवून घेतला. मला वाटलं, नागपूरला तपासायला पाठवतील. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर दवाखाना बंद. दारात मोतीराम रडकुंडीला आलेला. "साहेब कोदो खाऊन पडले, गुर्जी. मी नाई नाई म्हनत होतो." आत डॉक्टर डोक्यावर ओला पंचा ठेवून रोगी तपासायच्या बाकावर निजले होते. बाकाखाली घमेलं होतं. आमची चाहूल लागताच डोळे न उघडता म्हणाले, "मास्तर, छप्पर फिरून राहिलं."

मायने कपाळावर हात मारला. एवढ्या शिकलेल्या माणसाला कोदो माजतो हे ठाऊक नव्हतं का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ठाऊक होतं, बाई. पन पाह्यलं कोनं होतं?" आणि पंचा सारखा करत म्हणाले, "मले झटका काई आला नाई. म्हनजे गोष्ट अर्धीच सिद्ध झाली."

पुढच्या बाजारी ते पुन्हा खोक्यावर बसले आणि आमचा निवाडा झाला. सगुणा खुर्चीवर होती, मांडीवर यमुना. मायने शिशी पुढे केली. "भरून द्या, साहेब."

डॉक्टरांनी शिशी घेतली आणि नवं बूच तासायला काढलं. "झटका एकदाच आला हाये. तो कोदोचा असंन, त कोदो सोडला का गोष्ट संपली. नाई त मिरगी मुळातच अंगात असंन आन् कोदोनं निस्तं दार उघडलं. तसं असंन त पुन्हा येईल. यातलं खरं कोनतं, मले मालूम नाई."

"मग औषध द्याच," मी म्हणालो. "निदान काही केल्यासारखं वाटेल."

"कोनाले?" डॉक्टरांनी विचारलं.

मग त्यांनी औषधाचं सांगितलं. ब्रोमाइड. झटके कमी करतं, पण डोकं जड ठेवतं. तोंडावर पुटकुळ्या येतात, आठवण मंद होते, आणि अंगावर पिणारं पोरही पेंगतं. चालू करणं एका दिवसाचं काम, पण बंद करायची हिंमत मग वर्षानुवर्षं कोणाला होत नाही. मला वाटलं, हे नको म्हणायला लावताहेत. तेवढ्यात ते म्हणाले, "आता दुसरं आयका. नवेगावच्या तलावावरचा एक ढीवर होता, मासे धरनारा. त्याले पहिला झटका आला तवा मी म्हनलो, थांबून पाहू. पान्यात जाऊ नको म्हनून बी सांगितलं. ढीवर मानूस पान्यात गेला नाई त खाईल काय? तिसऱ्या महिन्यात जाळं ओढता ओढता गेला. तवापासून ढीवराले मी पहिल्या दिवशी औषध देतो. थांबनं सोपं हाये असं समजू नका."

आणि मग ते सगुणेकडे वळले. "बाई, अंग तुहं हाये. तू सांग."

"तिले काय इचारता?" माय म्हणाली.

"बूच बसेपर्यंत बोल," डॉक्टर सगुणेला म्हणाले आणि खाली मान घालून तासू लागले.

बूच अर्धं झालं. मला वाटलं आपणच काहीतरी बोलावं, पण एकदा जीभ भाजली होती. शेवटी तिने विचारलं, "औषध घेतलं त येनारच नाई, असं हाये का?"

"नाई. कमी येईल, उशिरा येईल."

"आन् नाई घेतलं त येनारच?"

"तसं बी नाई."

तिने यमुनेकडे पाहिलं. "मंग पोरगी कायले पेंगत ठेवू? मी थांबून पाह्यते. दुसऱ्यांदा आली त त्याच दिवशी शिशी घेऊन येईन. मंग नाई थांबनार."

मी तिचा नवरा, पण तिला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

डॉक्टरांनी मान हलवली आणि अटी घातल्या. दोन रोवणे पार पडेपर्यंत विहिरीवर एकटी जायचं नाही. चुलीपाशी एकटी बसायचं नाही. पोर कडेवर घेऊन पाण्याजवळ जायचं नाही. आणि एकटीने जेवायचं नाही. सासूने संगं बसायचं, एकाच भांड्यातलं खायचं. "हे औषधच हाये," ते मायला म्हणाले. "याचा एक बी डोस चुकवाचा नाई." मग बूच शिशीत घट्ट बसवून त्यांनी ती रिकामी शिशी तिच्या हातात ठेवली.

माय अगदी रडवेली झाली. "रंगाचं पानी तरी टाका, साहेब. गावात काय सांगू?"

"पानी तुमच्या विहिरीत हाये. मी काऊन देऊ?"

मायने शिशी पदराखाली लपवली, पण आमच्या वाटेवरच्या डोळ्यांना पदर म्हणजे काहीच नाही. दिवस मावळायच्या आत शेजारणी सांत्वनाला आल्या. ओसरीत भिंतीला टेकून, उसासे टाकत बसल्या. एकीने यमुनेला जवळ घेऊन "आता हिचं कोन करंल," असंही विचारलं. सगुणेने सगळ्यांना गूळपाणी दिलं, मग अटीप्रमाणे मायला समोर बसवून त्यांच्यादेखत भात खाल्ला. एवढं जेवणारी मरणाच्या दारात कशी, हे त्यांना कळेना. हळूहळू एकेक जण उठून गेली.

ती दोन वर्षं मी फार भित्रेपणाने काढली. घरात भांडं पडलं की शाळेतून धावत येई. एकदा भर दुपारी सगुणा दारात मटकन खाली बसली, तर मी शिशी घेऊन दोन कोस पळत अर्जुनी गाठली. डॉक्टर म्हणाले, "पाह्यलं कोनं?" मी म्हणालो, या वेळी मी पाहिलं. यमुनेच्या तापामुळे तिला तीन रात्री झोप नव्हती. खाली बसली, रंग उतरला.

"बोलत होती?"

"हो."

"काय?"

"शिशी खाली ठेवा आन् घरी बसा, म्हणत होती."

"मंग माह्यापेक्षा तीच चांगली डॉक्टर हाये," ते म्हणाले आणि शिशी पुन्हा रिकामीच माझ्या हाती दिली.

घरात आणखी एक गोष्ट झाली. सासू-सून एका भांड्यातून जेवू लागल्या, तसा मायला भाताचा अंदाज येऊ लागला आणि तांदूळ एक पसा जास्त पडू लागला. मीही दुसऱ्यांदा भात घेण्याआधी भांड्यात डोकावायला शिकलो. बाजारात डॉक्टर भेटत, पण कधी सगुणेची चौकशी करत नसत. मायच्या हातात शिशी नाही, एवढं लांबून पाहत आणि पुढे जात.

दुसरा रोवणा संपला. शेवटच्या दिवशी सगुणा चिखलाने माखून धुऱ्यावर आली आणि म्हणाली, "झालं." मी बांधीतच उभा राहून रडलो, बायांना वाटलं, धान चांगलं लागलं म्हणून. पुढच्या बाजारी आम्ही सगळे हात हलवत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मायला म्हटलं, "आता त्या शिशीत तेल भरा." झटका पुन्हा आलाच नाही. तो कोदोचा होता की आणखी कशाचा, हे मला आजही माहीत नाही, आणि आता कळून घ्यायची इच्छाही नाही.

डॉक्टर पेन्शनीत निघाले तेव्हा यमुना शाळेत जाऊ लागली होती. अर्जुनीच्या स्टेशनावर छोट्या रेल्वेगाडीपाशी त्यांना निरोप द्यायला बरेच लोक जमले होते. मोतीराम सामान चढवता चढवता डोळे पुसत होता. आम्हीही गेलो. सगुणेने जंगलातला मध आणला होता, त्याच शिशीत, त्यांनीच तासलेलं बूच लावून. डॉक्टरांनी ती ओळखली.

"शिशी परत कशी धाडू?"

"परत नाई पाह्यजे, साहेब," सगुणा म्हणाली. "आमच्या घरी तिचं काम नाई राह्यलं."

त्यांनी शिशी उजेडात धरून पाहिली, बूच अंगठ्याने दाबलं. इंजिनाने शिट्टी दिली. खिडकीतून वाकून त्यांनी तिला विचारलं, "आज काय जेवून निघाली?"

"भात," सगुणा म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्यलं कोनं?"

"मी पाह्यलं, साहेब," मी म्हणालो. "संगंच जेवलो."

गाडी हलली. त्यांनी मान डोलावली आणि शिशी मांडीवर घेऊन ते आत सरकून बसले.